मशीन म्हणालं, पेशींचं वय ५८

खुर्चीत बसल्या बसल्या सुनंदाताईंनी पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली, तिच्यातला रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच वाचा. मला परत बघवत न्हाई."

सात-आठ रंगीत पानं. यकृत, मूत्रपिंड, हाडं, सगळ्यांपुढे लाल-हिरवे पट्टे आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात ‘पेशींचे वय : ५८ वर्षे’. सुनंदाताई ४३ वर्षांच्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.)

त्या तासगावकडच्या. घरची द्राक्षबाग, त्यातल्या काही मालाचा बेदाणा. गावातल्या मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर भरलं होतं. हातात धातूची दांडी धरायची, दोन मिनिटं गप्प बसायचं, की लॅपटॉपला जोडलेल्या प्रिंटरमधून रिपोर्ट बाहेर. त्याच टेबलावर कोलेजनची पावडर, थेंबाची बाटली आणि एक क्रीम. तिन्ही मिळून साडेआठ हजारांना. "तोंडाचा तर बेदाणा झालाच होता," त्या म्हणाल्या, "आता आतनंबी तसंच निघालं."

चेहऱ्यावर सुरकुत्या लवकर आल्या म्हणजे शरीरही लवकर थकलं का, आयुष्य कमी झालं का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वेगवेगळे कपडे घालून येतच असतो. सांगलीतल्या विश्रामबागेतल्या बायका तो पार्लरच्या खर्चाच्या रूपात आणतात, निवृत्त मंडळी हातावरच्या डागांच्या रूपात.

तरी पहिल्या भेटीत मी चुकलेच. वय म्हणजे नुसता आकडा, चेहऱ्यापेक्षा मन महत्त्वाचं, असं काहीबाही बोलले. सुनंदाताई "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पिशवी आवरू लागल्या. एसटी पकडायची होती. त्या दाराशी पोचल्यावर मला सुचलं म्हणून विचारलं, "हा ५८ आकडा वाचला तेव्हा सगळ्यात आधी कोण आठवलं?"

"आई," त्या म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. ती एसटी गेली.

आई ५२ व्या वर्षी गेली. रात्री छातीत कळ आली, मिरजेला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. "आणि मॅडम, गेली तेव्हा तिच्या तोंडावर एवढ्याबी सुरकुत्या नव्हत्या." मशीनच्या हिशोबाने सुनंदाताई आईचं वय ओलांडून सहा वर्षं पुढे आल्या होत्या. महिनाभर त्या रात्री उठून मोरीतला दिवा लावत आणि आरशात सुरकुत्या मोजत. उजव्या डोळ्यापाशी पाच, डाव्या डोळ्यापाशी चार. आकडेसुद्धा पाठ होते.

अशा माणसाला धीर देऊन भागत नाही, माहितीच द्यावी लागते. दुसऱ्या भेटीसाठी मी नीट तयारी केली.

सुरुवात त्या दांडीपासून. दांडी हातात धरून पेशींचं वय मोजता येत नाही, हे मी सरळ सांगितलं. शास्त्रज्ञ ते मोजायचा प्रयत्न करतात, पण रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर, प्रयोगशाळेत. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर साधारण पन्नासेक वेळा विभागतात आणि मग थांबतात. का थांबतात, त्याचं एक मोठं कारण पुढे कळलं. पेशीत गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचा भाग असतो. मी सुनंदाताईंना त्यांच्याच साडीच्या पदराची कड दाखवली. पिको केलेला असतो तोवर सूत सुटत नाही. पेशी विभागली की ही टोकाची शिलाई थोडी उसवते, फार आखूड झाली की पेशी विभागणं थांबवते. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

"मग माझा पिको उसवलाय का, ते रक्तातनं कळंल?" त्यांनी लगेच विचारलं. हुशार बाई. लांबी मोजता येते, पण सारख्या वयाच्या दोन निरोगी माणसांत ती इतकी वेगवेगळी असते की एकट्या माणसाच्या आकड्यावरून त्याचं आयुष्य सांगता येत नाही. २०१३ मध्ये स्टीव्ह हॉर्वाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागांच्या रासायनिक खुणा वाचून वय सांगणारं गणित मांडलं. ते बरंच नेमकं आहे, पण तेही मुख्यतः संशोधनाचं हत्यार. असली चाचणी करायच्या पैशात दोन-तीन वर्षांच्या साध्या तपासण्या होतील, असं माझं मत मी सांगून टाकलं.

मग चेहऱ्याकडे वळलो. मी त्यांना ब्लाउजची बाही वर करून दंडाची आतली बाजू बघायला सांगितली आणि तिच्याशेजारी मनगटाची वरची बाजू धरायला सांगितली. दंडाकडची कातडी मऊ, एकरंगी, चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर. मनगटाकडची जाडसर, ठिपक्यांची, बारीक चौकटी पडलेली. "दोन्हींचा जन्म एकाच दिवशीचा ना?" मी विचारलं. त्या बराच वेळ दंडच बघत राहिल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच तो असा बघत असाव्यात.

वयाने कातडी बदलते ती हळूहळू. वरचा थर तरुणपणी चारेक आठवड्यांत नवा होतो, पुढे त्याला जास्त दिवस लागतात. खालच्या थरातलं कोलेजन, म्हणजे कातडी घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, वर्षागणिक थोडं थोडं कमी होतं. पण उघड्या भागावरच्या खोल सुरकुत्या आणि डाग हे मुख्यतः उन्हाचं काम. उन्हातले यूव्हीए किरण खालच्या थरापर्यंत पोचतात, खिडकीची काचही त्यांना पुरती अडवत नाही. त्यांच्यामुळे कोलेजन तोडणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. विभागणं थांबलेल्या म्हाताऱ्या पेशी मरत नाहीत, तिथेच ठाण मांडून शेजारच्यांना त्रास देणारी रसायनं सोडत राहतात. भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्यासारख्या, हे माझं नाही, सुनंदाताईंचं. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं गाडी चालवून खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्यामानाने गुळगुळीत. फोटो बघून त्या हसल्या, मग गप्प झाल्या. "आम्ही बेदाण्याला शेडनेट लावतो," थोड्या वेळाने म्हणाल्या. "उघड्या उन्हात टाकला तर काळा पडतो, भाव जातो. आन् आम्ही मात्र शेडच्या बाहेर."

आई घरात भाकऱ्या करायची, बागेत फारशी जायची नाही. तिचा चेहरा नितळ राहिला त्याचं कारण बहुतेक एवढंच.

चेहरा अगदीच बिनकामाचा साक्षीदार, असंही नाही. डेन्मार्कमध्ये सत्तरी ओलांडलेल्या जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जोडीतलं जे भावंड जास्त वयस्क दिसायचं ते आधी जाण्याची शक्यता जास्त निघाली. हे मी लपवलं नाही. पण सिगारेट, आजारपण, हालअपेष्टा हे सगळं चेहऱ्यावरही उमटतं आणि आतही. उन्हाची सुरकुती हृदयाचं काही सांगत नाही.

मग मी विचारलं, आईला साखर होती का? "होती. गोळ्या घ्यायची, मधी बंद करायची." आणि तुम्ही कधी तपासली? धाकट्याच्या बाळंतपणात, म्हणजे १६ वर्षांपूर्वी.

खरी काळजी इथे करायला हवी होती. रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. कोलेजनलाही चिकटते, त्याचे धागे कडक होतात. कातडीतलं कोलेजन वर्षानुवर्षं बदललं जात नाही, त्यामुळे चिकटलेलं साठत जातं, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही हेच घडतं. एचबीए१सी ही रक्ततपासणी या चिकटण्याचीच आहे, रक्तातल्या लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याची. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावर दोन-तीन महिन्यांचा हिशोब सापडतो. पेशींना विचारून मिळणारा आकडाच हवा असेल तर हा घ्या, मी म्हटलं.

पिशवीतलं क्रीम मात्र मला खटकलं. लावलं की आठवड्यात चेहरा उजळतो आणि सोडलं की आग होते, असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यात स्टेरॉइड असावं अशी शंका आली. ते माझं काम नाही. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, मनाने एकदम बंद करू नका, एवढंच सांगितलं. पावडरीबद्दल त्यांनी विचारलं. खाल्लेलं कोलेजन पोटात तुटून त्याचे तुकडे होतात, ते नेमके गालावर जाऊन बसतील याची हमी कोण देणार? डाळ-उसळ-अंडी स्वस्त पडतात. सनस्क्रीनबद्दल मात्र मी आग्रह धरला. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावी साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाल्याचं दिसलं. तिथे ५५ वर्षांखालचे लोक होते, म्हणजे चाळिशीतही उशीर झालेला नसतो.

तिसऱ्या भेटीला त्या महिन्याने आल्या. एचबीए१सी ६.१. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी चालायला आणि भात-साखर आवरायला सांगितलं होतं, रक्तदाबाची गोळी सुरू केली होती. स्टेरॉइडची शंकाही खरी निघाली होती. मला वाटलं होतं ६.१ ने घाबरतील. उलट त्या निवांत दिसत होत्या. रात्री उठणं थांबलं होतं, म्हणजे पुरतं नाही, आठवड्यात एखाद्या वेळी. "ह्याला काहीतरी करता येतं की," त्या म्हणाल्या. "त्या ५८ ला काय करणार होतो?"

शिबिरवाल्यांचा रिपोर्ट अजून फाइलमध्ये होता. फाडत नाहीत, पैसे मोजलेत त्याचे.

आता त्या धाकट्या भावाच्या मागे लागल्या आहेत, त्यानेही साखर तपासावी म्हणून. आई तीच. त्याचं सांगलीत कापडाचं दुकान, दिवसभर पंख्याखाली गादीवर. तो ऐकत नाही. म्हणतो, "मला काय धाड भरलीय? माझं तोंड बघ की."