टाके घालायच्या आधी एवढं बघ

पोरी,

पेशंट भुलेत असताना मधल्या कानात बसवलेलं ऐकण्याचं इम्प्लांट चाललंय का नाही कळायचं कसं, हे विचारलंस ते बरं केलंस, फोनवर अर्धं राहतं म्हणून लिहितोय.

कोल्हापुरात असल्या केसेस काय रोज येत नाहीत, हात बसायला वेळ लागणारच. ते एफएमटी, म्हणजे इम्प्लांटचा कंप देणारा भाग, जेमतेम 2.3 मिलिमीटर लांब, वजन 25 मिलिग्रॅम, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या दाण्याहूनही आखूड, आणि ते नुसतं हलून भागत नाही, हललेलं कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात, पोचलं पाहिजे. ऐरण हाडाला क्लिप केलं तर त्यातल्या त्यात सोपं. पण 2006 मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या सर्जन कोलेटींनी राउंड विंडोची, म्हणजे कॉक्लियाच्या पडद्याच्या खिडकीची, वाट दाखवली, तिथं बसवताना बाजूच्या हाडाला टेकलं की कंप तिथंच मुरतो. मायक्रोस्कोपखाली सगळं झक्कास दिसतं बघ, आणि तरी कपलिंग, म्हणजे एफएमटीची पकड, ढिलं असतं.

म्हणून इम्प्लांटमधूनच क्लिक द्यायचा आणि एबीआर, म्हणजे आवाजाला मेंदूच्या खोडाकडून येणारा विजेचा रिस्पॉन्स, घ्यायचा, त्यातली पाचवी लाट, वेव्ह फाइव्ह, किती हळू आवाजापर्यंत टिकते ते बघायचं. भुलेनं एबीआर फारसा बिघडत नाही, अंग गार पडलं तर मात्र वेव्ह उशिरा येते. कॉक्लियाजवळ इलेक्ट्रोड ठेवून सीएपी, म्हणजे ऐकण्याच्या नसेचा रिस्पॉन्स, घेतलास तर उत्तर लवकर मिळतं, एबीआरचे हजार-दोन हजार स्वीप (एकेक नोंद) होईतोवर सर्जन दोनदा घड्याळ बघतात (बघू देत).

वेव्ह आली नाही म्हणून लगेच इम्प्लांटला नावं ठेवू नकोस. कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं यंत्र) बंद आहे का, इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स किती, अर्थिंग, इम्प्लांटला सिग्नल देणारी कॉइल सरकली का, आधी हे. सुरुवातीला मोठ्ठा झटका दिसतो तो आर्टिफॅक्ट, म्हणजे यंत्राचाच खोटा सिग्नल, पोलॅरिटी बदललीस की तो उलटा होतो, खरी वेव्ह तशी उलटत नाही. एवढं करूनही काही नसेल तर गप्प बसायचं नाही, "सर, जरा हलवून परत बघूया का" म्हणायचं, मग समोर कितीही मोठे सर असोत.

माझ्या मते एका आकड्यापेक्षा हलवायच्या आधीचा आणि नंतरचा फरक जास्त खरा. उद्यमनगरात फौंड्रीत आयुष्य घालवलेल्या माणसाचा हाय फ्रिक्वेन्सी लॉस, म्हणजे उंच सुरांचं ऐकू कमी येणं, आधीच असतो, क्लिकचा रिस्पॉन्स मुख्यतः तिथूनच येतो, मग कपलिंग चांगलं असूनही थ्रेशोल्ड (रिस्पॉन्स येतो तो सगळ्यात हळू आवाज) वाईटच दिसणार की! त्यामुळं बोन कंडक्शनचा (हाडातून आवाज देऊन घेतलेला) ऑडिओग्राम ओटीत सोबत ठेव.

आणि रिपोर्टवर नुसतं 'रिस्पॉन्स मिळाला' लिहू नकोस, कुठल्या पोझिशनला, कितीला, सगळं लिही, पुढं फिटिंगला तूच बसणार आहेस. पुढची केस कधी ठरतेय ते कळव, आदल्या संध्याकाळी मशीन एकदा ओटीत लावून बघू.