शेवळं, धोपा आणि माझी न खाल्लेली शेपूची भाजी

प्रश्न : ताई, मी मूळची यवतमाळची. लग्नाला दीड वर्ष झालं. आम्ही दोघं ऐरोलीला राहतो, सासर ठाण्यात नौपाड्याला, सीकेपी. मासे मी इकडे येऊन शिकले, आता बोंबीलही आवडीने खाते. मागच्या जूनमध्ये सासूबाईंनी शेवळं ही पावसाळी रानभाजी केली होती. दोन घास खाल्ले आणि घशात काटे रुतल्यासारखं झालं. यंदा ‘मला नको’ म्हटलं, तर नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘हिला नवीन काही खायची भीतीच वाटते.’ हाच माणूस वाशीला जाऊन सुशी खातो आणि मी केलेली अंबाडीची भाजी एका घासात बाजूला सारतो. आता घाबरट कोण ते तुम्हीच सांगा.

उत्तर : आधी घशाचं बघू, नवऱ्याचं नंतर.

काटे रुतल्यासारखं झालं नाही, रुतलेच. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, डोळ्यांना न दिसणारे. सुरण, अळू आणि शेवळं ही एकाच कुळातली मंडळी, तिघांचीही खोड तीच. तुम्ही यवतमाळच्या, म्हणजे अळूला धोपा म्हणत असाल. धोप्याच्या पानांत चिंच का घालतात हे तुमच्या आईला विचारा, शेवळाचं अर्धं गणित तिथेच सुटेल. आंबटाने खाज मरते, आणि इकडे चिंचेची जागा काकडं नावाची आंबट फळं घेतात. जांभळी नाक्याला पहिल्या पावसाच्या सुमारास आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांच्या पुढ्यात हिरव्या, आवळ्याएवढ्या काकडांचा वाटा असतोच. काकडं न घेता नुसती जुडी उचललीत तर बाईच हटकते.

दुसरी गोम साफ करण्यात आहे. वरचं आवरण सोलायचं आणि आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा. हा भाग राहिला की काकडं कितीही घाला, घसा धरतोच. हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात नणंदेच्या सासरची माणसं जेवायला होती. मी घाईत दोन शेवळं तशीच चिरली. सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, घालून भाजी रंगाला सुरेख झाली, वास तर जिन्यापर्यंत गेला. जेवण संपल्यावर विड्यांऐवजी आमसुलं वाटावी लागली. सहा माणसं गप्प बसून आमसुलं चोखतायत, हे दृश्य मी विसरलेले नाही आणि नणंद मला विसरू देत नाही.

तेव्हा तुमच्या पानात असाच एखादा तुकडा आला असेल. सासूबाईंचा हात कितीही मुरलेला असो, दोन-तीन आठवड्यांचा हंगाम, वर्षातून एकदा होणारी भाजी, चुकते कधी कधी. (ओठ सुजले असतील किंवा श्वासाला त्रास झाला असेल तर मात्र ही घशाची खाज नव्हे. तसं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा चव घेऊ नका.)

आणि यंदा तुम्हाला नको वाटलं, याला मी भीती म्हणणार नाही. जॉन गार्सिया नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५५ साली उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी किरणोत्साराने त्यांना मळमळवलं. पुढे ते उंदीर त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. पाण्याचा काही दोष नव्हता, पण पोट असले हिशेब ठेवतं. मी आठ वर्षांची असताना मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी खाल्ली आणि रात्री उलट्या सुरू झाल्या. खरं तर गोवर निघत होता. आता साठी उलटली, या सदरासाठी मी मुंग्यांची चटणीसुद्धा चाखली, पण शेपूची जुडी पिशवीत असली की मी ती पिशवी दुसऱ्याच्या हातात देते.

आता नवरा. सुशी खायला धाडस लागत नाही असं नाही, पण ते स्वस्तातलं धाडस. सुशी आवडली नाही तर कुणाची आई नाराज होत नाही. शिवाय सुशी म्हणजे तरी काय, शिरका घातलेला आंबट भात. तुमच्या अंबाडीतही आंबटपणा आणि कण्याच की! त्याला हे सांगा, पण दोघंच असताना. सगळ्यांसमोर बोलण्यात तो चुकला, म्हणून तुम्हीही तेच केलंत तर भाजी राहील बाजूला. अंबाडी पुन्हा करा, वरून लसणाची कडकडीत फोडणी द्या, सोबत ज्वारीची भाकरी, आणि वाटीभर नव्हे, दोन चमचेच वाढा.

पुढच्या जूनमध्ये बाजारात सासूबाईंबरोबर तुम्ही जा. शेवळं तुम्ही सोला, धोपा हाताळलेले हात आहेत तुमचे. शिजल्यावर आधी एकच तुकडा जिभेवर ठेवून बघा. खाज नाही आणि तरीही चव आवडली नाही, तर खुशाल वरणभात जेवा.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा वरणभाताशिवाय काहीच खात नाही. नवीन भाजी दिसली की तोंड फिरवतो. – एक बाबा, नेरूळ

उत्तर : दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं असं करतात. एकच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त, समोर आल्यावर ओळखीचा होतो. तुम्ही दोनदा देऊन ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारला असेल. ताटात एक फोड ठेवा आणि तिच्याबद्दल बोलू नका. ‘भाजी खा, मग चॉकलेट’ हा सौदा तर करूच नका, त्यात भाजी ही शिक्षा ठरते.

प्रश्न : मला कोथिंबीर साबणासारखी लागते. घरचे म्हणतात, नाटकं. – एक आजोबा, कळवा

उत्तर : नाटकं नाहीत. २०१२ साली जनुकांच्या मोठ्या पाहणीत ही तक्रार वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडलेली आढळली. कोथिंबिरीतल्या अल्डिहाइडसारखीच द्रव्यं काही साबणांतही असतात. पानं वाटली की हा वास बराच उतरतो, म्हणून चटणी वाटून तासाभराने चाखून बघा. पोह्यांवर मात्र ती वरूनच घालायची असते. तेव्हा सूनबाईंना सांगा, कोथिंबिरीची वाटी वेगळी ठेवा, ज्याला हवी तो घेईल.