बँड लावायचा की ऐकायचा?

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागेतून आलाय. विचारणारी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोण काय ऐकतं यावर तिच्या मित्रमैत्रिणींत रोज रात्री गप्पा चालतात, एकमेकांना गाणी पाठवली जातात, भांडणंही होतात. परवा तिनं लिहिलं, ‘मी सध्या मेटालिका ऐकते, कधी कधी इंडियन ओशन.’ एका मित्रानं लगेच हटकलं : ‘बँड ऐकत नसतात, बँडची गाणी ऐकतात. तुझं हे मराठी इंग्रजीतून उचललेलं आहे.’ घरात आजीची वेगळीच तऱ्हा. नात ‘माझा आवडता बँड’ म्हणाली, तर आजी विचारते, ‘कुणाच्या लग्नात आला होता गं?’ तेव्हा काका, मित्राचं बरोबर की माझं? आणि बँडला असा शब्द आहे का, जो आजीलाही कळेल?

मित्रापासून सुरुवात करू. त्याला म्हणावं, एकदा मिरजेला जाऊन ये, दहाएक किलोमीटर तर आहे.

मागे एकदा शेजाऱ्यांचा तंबोरा घेऊन मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो. तंबोऱ्याची जवारी गेली होती. तार छेडली की नुसता टणटण आवाज यायचा, घुमायचा नाही. कारागीर साठी उलटलेला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर हलक्या हातानं कानस फिरवायचा, तार छेडायचा, मान वाकडी करून ऐकायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा कानस उचलायचा. तारेखालचा दोरा नखानं केसभर पुढं सरकवला आणि एकदम सगळं दुकान भरून आलं. त्या नादातच तो म्हणाला, ‘आमच्या आज्यानं खाँसाहेब ऐकलेले.’ कुठले खाँसाहेब, हे मिरजेत विचारायचं नसतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली वारले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात गवई अजून तिथं हजेरी लावतात.

आता वाक्य बघ. ‘खाँसाहेबांची गाणी ऐकलेली’ असं तो म्हणाला नाही. त्याच्या आज्यानं थेट खाँसाहेबच ऐकले. आपल्याकडे गाणं ऐकणारी माणसं असंच बोलत आलीत : मी भीमसेन ऐकले, त्यांनी मन्सूर ऐकलेत, आमच्या वडिलांनी केसरबाई ऐकल्या होत्या. यातल्या कितीतरी श्रोत्यांचा इंग्रजीशी संबंध सह्या करण्यापुरताही नव्हता. शाळेच्या व्याकरणात लक्षणा शिकवताना ‘आम्ही ज्वारी खातो’ हे उदाहरण देतात. कोणी कच्ची ज्वारी चघळत बसत नाही. खातो ती भाकरी, नाव घेतो ज्वारीचं. तसंच कर्त्याचं नाव घ्यायचं आणि त्याची कृती समजून घ्यायची. खांडेकर जन्मले सांगलीत, १८९८ साली, आणि आपण ‘खांडेकर वाचले’ म्हणतो. (अपघाताच्या बातमीत हेच वाक्य आलं तर अर्थ पार वेगळा होईल, पण त्याचा दोष लक्षणेवर नको.) बालगंधर्व तर ‘पाहिले’ही जातात. पलूसजवळच्या नागठाण्याचा तो मुलगा १९०५ मध्ये मिरजेत पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभा राहिला. ‘बालगंधर्व पाहिलेली माणसं’ हा शब्दप्रयोग मी लहानपणी इतक्यांदा ऐकलाय, की ती एक वेगळी जात असावी असं मला वाटायचं.

तेव्हा तू मेटालिका खुशाल ऐक. वाक्य अस्सल मराठी आहे. इंग्रजीची ढबही तशीच निघाली, हा योगायोग.

मात्र प्रत्यय जपून लाव, खरी गंमत तिथं आहे. ‘मी भीमसेन ऐकले’ म्हणजे त्यांची गायकी ऐकली, मुरवली, त्यांच्यावर माझा कान घडला. ‘मी भीमसेनांना ऐकलं’ म्हणजे अमुक दिवशी, अमुक मांडवात, ते गात असताना मी तिथं होतो. आणि ‘मी भीमसेनांचं ऐकलं’ म्हणजे त्यांनी काहीतरी सांगितलं आणि मी मुकाट्यानं तसं केलं. माणूस तोच, क्रियापद तेच. एका ‘ना’नं आणि एका ‘चं’नं तीन गोष्टी झाल्या. म्हणून घरात वडील कधी चिडून म्हणालेच, ‘ही मेटालिका ऐकते, पण माझं ऐकत नाही,’ तर व्याकरणाच्या दृष्टीनं त्यांचं वाक्य निर्दोष आहे, एवढं कबूल करून टाक.

मित्राच्या बाजूनं बोलायचं तर एका ठिकाणी त्याची शंका रास्त ठरते. ‘मी मेटालिकाला ऐकते’, ‘मी रॉकला ऐकते’ असं हल्ली कानावर पडतं. हे वळण मला हिंदीचं वाटतं, ‘को सुनता हूँ’चं. निर्जीव कर्माला मराठी सहसा ‘ला’ लावत नाही. आपण भाकरीला खात नाही आणि पुस्तकाला वाचत नाही.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्याच मजकुरात एक गोष्ट दिसली. एका ओळीत ‘मला मेटालिका आवडते’ आणि दोन ओळींनी ‘मेटालिका भारी वाजवतो’. आवडतो की आवडते? मराठीत विशेषनाम बऱ्याचदा आपल्या जातिनामाचं लिंग घेतं. सह्याद्री हा पर्वत, पुल्लिंगी. तरी मिरजेच्या फलाटावर सगळे ‘सह्याद्री आली का?’ असंच विचारणार, कारण ती गाडी. उलट सकाळ होते ती स्त्रीलिंगी, पण वर्तमानपत्र हातात घेतलं की ‘आजचा सकाळ वाचला का?’ तसा बँड तो, म्हणून मेटालिका आवडतो. ‘आ’कारान्त नावाला मनात बाई समजून ‘आवडते’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याशी भांडू नकोस. बीटल्सचं निराळं आहे. त्या नावातच अनेक माणसं आहेत, म्हणून बीटल्स आवडतात.

आता आजी.

आजीच्या कानात बँड म्हणजे लाल डगले, पितळी बाजे, क्लॅरोनेटवाला म्होरक्या आणि वरातीपुढं नाचणारे मेव्हणे. तिचं काही चुकलं नाही. मराठीत हा शब्द आधी याच अर्थानं रुजला, इतका की ‘त्याचा बँड वाजला’ म्हणजे त्याची पुरती वाट लागली. मग पर्यायी शब्द कुठला?

ताफा. जुन्या मराठीत कलावंतिणीचा ताफा असायचा, म्हणजे नाचणारी आणि तिचे साजिंदे मिळून. मूळ अरबी ‘ताइफा’, म्हणजे गट. त्याच्याच अनेकवचनातून हिंदीत ‘तवायफ’ आली. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बांधलेला संघ या अर्थी शब्द चपखल होता, पण आता ताफा असतो तो मंत्र्यांच्या गाड्यांचा. ‘माझा आवडता ताफा’ म्हणालीस तर लोक पक्ष विचारतील.

संच बरा आहे, पण त्याला प्रश्नसंचाचा आणि वीजनिर्मिती संचाचा वास येतो. वाद्यवृंद म्हणजे ऑर्केस्ट्रा, आणि ऑर्केस्ट्रा गातो दुसऱ्यांची गाणी. तुझे बँड स्वतःची रचतात. हा फरक मला मोलाचा वाटतो. त्या हिशेबानं सगळ्यात जवळचा शब्द कलापथक. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचं लाल बावटा कलापथक आठव : ठरलेली माणसं, स्वतःची गाणी, स्वतःचं म्हणणं. पण आज नुसतं ‘पथक’ म्हटलं की डोळ्यासमोर ढोल-ताशे आणि झांजाच येतात.

राहिला फड. हा माझा लाडका शब्द आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो. आपल्याकडे फड तीन : उसाचा, कुस्तीचा आणि तमाशाचा. ज्या वाळव्यात उसाच्या फडात कोयते चालतात, त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे तमाशातले शाहीर पठ्ठे बापूराव. आणि सांगलीला खेटून असलेल्या कवलापूरचे काळू-बाळू. खरे तर ते लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. पण जत्रेतला माणूस काय म्हणायचा? ‘यंदा काळू-बाळू आलाय.’ भाऊ दोन, क्रियापद एकवचनी. कारण त्या क्षणी काळू-बाळू म्हणजे ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या, कनात सगळं धरून एक वस्तू झालेली असायची. तुझ्या बँडचं हेच आहे. मेटालिका १९८१ मधला. त्याचा बास वाजवणारा १९८६ मध्ये अपघातात गेला, त्याच्या जागी दुसरा आला, पुढं २००३ मध्ये आणखी एक. तरी आपण ‘मेटालिका’च म्हणतो. माणसं बदलली तरी फड मोडत नाही.

मग फडच म्हणू या का? मला आवडेल. पण साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर कुणाला ‘तुमचा आवडता फड कुठला?’ विचार, तो कारखान्याचं नाव सांगेल.

म्हणून माझं मत असं, की बँड हाच शब्द राहू दे. तो आपला झालाय, आणि दोन अर्थ वेगळे ठेवायची सोय मराठीनं आधीच करून ठेवलीय : क्रियापद. लग्नातला बँड ठरवतात, लावतात, सांगतात. त्याला सुपारी देतात. तो आला की वाजतो. तो कोणी ‘ऐकत’ नाही, तो नुसता ऐकू येतो. आवडता बँड ऐकतात. हे सगळीकडे चालतं. तमाशा बघतात, भजनाला बसतात, हलगी कडाडते, आणि मिरवणुकीत डॉल्बी लावतात. (डॉल्बीचं नाव निघालंच म्हणून : रे डॉल्बी यांची कंपनी १९६५ मध्ये लंडनला निघाली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या यंत्रासाठी. आवाज शांत करणाऱ्या माणसाचं नाव आपण खिडक्यांच्या काचा हादरवणाऱ्या भिंतीला दिलं.) तेव्हा आजीला ‘माझा आवडता बँड’ एवढंच सांगून थांबू नकोस. ‘मी ऐकते तो बँड’ म्हण. ‘ऐकते’ आल्यावर वरात आपोआप बाजूला होते.

तुझ्या पत्राच्या शेवटी ‘जॉनर’ला शब्द मागितलाय. कागदोपत्री ‘संगीतप्रकार’. बोलताना मी ‘बाज’ वापरतो : रॉकचा बाज, लावणीचा बाज, या गाण्याला जरा कव्वालीचा बाज आहे. ‘घराणं’ तेवढं वापरू नकोस. घराणं गुरू-शिष्यांच्या माळेनं होतं, आवाजाच्या जातीनं नाही.

तुझा निरोप आला म्हणून काल इंडियन ओशन लावला. दिल्लीचा बँड, १९९० पासूनचा. आमच्या घरातली ज्येष्ठ श्रोती स्वयंपाकघरातून बाहेर आली, दारात उभी राहून पुरतं एक गाणं ऐकलं आणि म्हणाली, ‘ह्याचा तबलजी बरा आहे.’ आणि आमटी उतू जाईल म्हणून परत आत गेली.