चकचकीत बंदूक घेऊ नकोस

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. "पोरगी शिकारीचा कोर्स करून आली आणि आता बंदुका जमवायच्या म्हणते, तू तरी सांग काहीतरी." सांगतो म्हणालो, पण नको घेऊस असं काही मी सांगणार नाही. तू पाठवलेले तिन्ही फोटो बघितले. विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ आणि सॅव्हेज ९९. लिव्हरवाल्या, म्हणजे ट्रिगरभोवतीची दांडी खाली-वर करून काडतूस भरायच्या शिकारी रायफलींची नावं घ्यायची तर इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी हीच तीन आधी येतात. यांतली सगळ्यांत चांगली कोणती, हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर देतो, पण आधी कागदपत्रं.

तू अजून एच-१बीवर आहेस. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. 'चालू' हा शब्द नीट लक्षात ठेव. परवान्याची मुदत संपली आणि रायफल कपाटात राहिली, तर तू गोत्यात आलीस. तुझ्या न्यू जर्सीत रायफल घ्यायला आणखी वेगळं ओळखपत्र लागतं. विकणारा दुसऱ्या राज्यातला खासगी माणूस असेल, तर व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फतच करायचा. एकदा वकिलाला विचार. त्याची फी रायफलीपेक्षा स्वस्त पडेल. आणि न्यू जर्सीत हरणावर रायफल चालवू देत नाहीत, तेव्हा शिकारीला तुला पेनसिल्व्हेनियात माझ्याकडेच यावं लागणार. इथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, म्हणून लिव्हरवाल्यांना अजून मान आहे.

आता मूळ प्रश्न. काम तिघींचं एकच: लिव्हर खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, वर घेतली की नवं काडतूस आत. फरक आहे तो आतल्या रचनेत.

विंचेस्टर युटामधल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगनं १८९४ साली आखली. पुढच्याच वर्षी तिला बिनधुराच्या दारूचं .३०-३० काडतूस मिळालं आणि पुढे अशा सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. लिव्हर उघडलीस की रिसीव्हरचा, म्हणजे सगळी यंत्रणा असते त्या मधल्या लोखंडी भागाचा तळच खाली उतरतो, पहिल्यांदा बघणारा दचकतो. बारीक, चपटी, मधोमध मुठीत धरून दिवसभर रानात हिंडलं तरी हाताला जड होत नाही. पण पुंगळी सरळ वर उडते, त्यामुळे स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवायची पंचाईत.

मार्लिन ३३६ आली १९४८ साली. तिची पुंगळी उजव्या बाजूनं बाहेर पडते, वरचा भाग बंद, स्कोप आरामात बसतो. मला तिचं सगळ्यांत आवडतं ते वेगळंच. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर हातात येते आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, मागून सरकून बाहेर (पुंगळी बाहेर फेकणारी इजेक्टरची छोटी पट्टी तेवढी सांभाळ, ती घरंगळते). मग नळी मागच्या बाजूनं साफ करता येते. विंचेस्टर एवढी खोलायचा कंटाळा येतो, म्हणून लोक सफाईचा गज नळीच्या तोंडाकडूनच घालत आले. पन्नास-साठ वर्षं गज घासून घासून तोंडाजवळचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) झिजतात आणि नेम बिघडतो. म्हणून जुनी विंचेस्टर बघताना भिंग घेऊन आधी नळीचं तोंड बघायचं.

सॅव्हेज मात्र डोक्यानं बनवलेली. आर्थर सॅव्हेज जन्मानं जमैकाचा, कारखाना न्यूयॉर्क राज्यात युटिकाला. बाकी दोघींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, म्हणजे एकाची गोळी पुढच्याच्या बुडाला टेकलेली. गोळी टोकदार असली तर धक्क्यानं तिथेच बार उडायची भीती, म्हणून .३०-३० ची गोळी चपट्या नाकाची. सॅव्हेजनं आत फिरकी बसवली, प्रत्येक काडतुसाला वेगळा खण. टोकदार गोळी चालू लागली. १९१५ मध्ये आलेलं .२५०-३००० हे काडतूस तर सेकंदाला ३००० फुटांचा वेग नावातच मिरवत होतं. आपटणारा घोडा हिला नाहीच, आतली स्प्रिंगवरची सुई बार उडवते. जुन्या नगांच्या डाव्या बाजूला छोटी खिडकी असते, किती काडतुसं उरली ते आकड्यात दिसतं. फोटोतल्या रायफलीवर .३०३ सॅव्हेज लिहिलंय, ते काडतूस आता मुश्किलीनं मिळतं. आणि .३०३ ब्रिटिश हे निराळंच काडतूस आहे, नाव बघून घोटाळा करशील.

तेव्हा वापरायला घेत असशील तर मार्लिन घे. माझं मन सॅव्हेजवर आहे. पण जमवायला सुरुवात विंचेस्टरनं कर, कारण ती इतकी बनली आणि तिचा इतका अभ्यास झालाय, की फसायची शक्यता कमी. तिन्ही कंपन्यांचं थोडं थोडं गोळा करशील तर धड एकातलंही कळणार नाही.

'प्री-६४' हे तुला सारखं ऐकू येईल. १९६४ साली खर्च वाचवायला विंचेस्टर कंपनीनं घडीव भागांऐवजी पत्र्याचे ठोकलेले भाग घातले. रिसीव्हरचा धातूही बदलला, त्यावर निळी झिलई नीट धरत नसे. सिरियल नंबर २७ लाखांच्या पुढचा असला की ती नंतरची. गोळी तीही सरळच मारते. फक्त संग्राहकाचा भाव देऊ नकोस. मार्लिनमध्ये नळीवरचा 'जेएम' शिक्का बघतात. २००७ मध्ये कंपनी रेमिंग्टनकडे गेली, २०२० मध्ये रुगरनं घेतली. रेमिंग्टनकडे जाण्याआधीच्या मालाला मागणी जास्त, म्हणून तो शिक्का बघायचा.

खरी परीक्षा पुढेच. आपल्याकडे जुनं तांब्याचं भांडं मिळालं की पितांबरी लावून लखलखीत करायचं, तो हात इथे बांधून ठेव. तपकिरी पडलेली, कडा उघड्या पडलेली पण कुणी हात न लावलेली रायफल नव्यानं झिलई दिलेलीपेक्षा जास्त भावाची. ओळखायचं कसं? कोरलेल्या अक्षरांवरून नख फिरव. कडा गुळगुळीत लागल्या तर आधी पॉलिश मारलंय. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा दिसला, तरी तेच. दस्त्याचं लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असायला हवं. खाली गेलं असेल तर सँडपेपर मारलाय. वर नंतर पाडलेली स्कोपची भोकं असतील तर भाव सरळ पाड.

स्मारक आवृत्त्यांच्या नादी लागू नकोस. १९६६ ची शताब्दीची विंचेस्टर एक लाखाहून जास्त निघाली. सोनेरी मुलामा, मूळ खोका आणि कपाटात बंद. लिव्हर नुसती चालवली तरी चरे पडतात आणि भाव उतरतो. बंदूक घेऊन ती उघडायचीच नाही, हे मला तरी पटत नाही.

विकणारा पणजोबांपासून सुरुवात करतो. ऐकून घे, पैसे मात्र लोखंडाचे दे. फार जुनी विंचेस्टर असेल तर वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात कारखान्याच्या वह्या आहेत. नंबर त्या वह्यांत सापडला, तर ती कोणत्या काडतुसाची, कसल्या नळीची बनली होती, याचं पत्र फी भरून मिळतं. पणजोबांची गोष्ट त्या पत्राशी ताडून बघ.

हातात घेण्याआधी परवानगी विचार. तोंड माणसांपासून दूर ठेवून लिव्हर उघड, आत बोट घालून बघ, मॅगझिनही (काडतुसं साठतात ती जागा) बघ. रिकामी आहे असं मालकानं सांगितलं असेल तरीही. आणि घरी चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, चामडं ओल धरतं.

त्या सॅव्हेजच्या दस्त्याचा रिसीव्हरला टेकतो तिथला फोटो मागव, दोन्ही बाजूंनी, उजेडात. तिथे केसासारखी चीर असते बऱ्याचदा, आणि विकणाऱ्यानं नेमका तोच भाग फोटोत अंधारात ठेवलाय. फोटो येईपर्यंत आगाऊ पैसे पाठवू नकोस.

ताईला मी फोन करतो.

तुझा,
मामा