प्रार्थनेत तुझं नाव शेवटी का येतं

प्रिय बाळा,

रविवारी रात्री प्रार्थना झाल्यावर तू विचारलंस, "बाबा, मराठीत प्रार्थना करताना तू आधी इतका वेळ देवाचंच काय बोलत बसतोस? माझी निवडचाचणी आहे हे तुला माहीत होतं, तरी माझं नाव सगळ्यात शेवटी आलं. मराठीत अशीच पद्धत आहे का?" मी "झोप आता" म्हणालो, पण तो प्रश्न मला दोन दिवस सोडत नाहीये. तुझा आवाज जरा दुखावलेला होता, ते मला ऐकू आलं होतं. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय, हळूहळू वाच. अडलं तर मला हाक मार.

ही पद्धत मराठीची नाही, पण मला ती मराठीतूनच मिळाली. माझ्या आजीकडून, म्हणजे तुझ्या पणजीकडून. ती रोज रात्री खाटेच्या कडेला गुडघे टेकायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना, म्हणायची. ती प्रार्थना तुला पाठ आहे, पण तिच्यातल्या सर्वनामांकडे एकदा नीट बघ. आमच्या स्वर्गातील पित्या, *तुझे* नाव पवित्र मानले जावो. *तुझे* राज्य येवो. *तुझ्या* इच्छेप्रमाणे होवो. तीन वेळा 'तुझे' झालं की मग कुठे '*आमची* रोजची भाकर' येते. तिथेही 'माझी' नाहीच. भाकर मागायची तीसुद्धा सगळ्यांची मिळून.

आणखी एक गोष्ट इंग्रजीत तुला दिसणार नाही. आजी आजोबांना 'तुम्ही' म्हणायची, पाळकसाहेबांना 'तुम्ही' म्हणायची. देवाला मात्र 'तू'. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. सगळ्यात मोठा तो आणि त्यालाच एकेरी! पुढे कळलं, देव पहिला म्हणजे देव लांबचा असं तिच्या लेखी नव्हतं. आईला आपण 'तू' म्हणतो ना, तसं ते होतं. आईकडे माणूस फक्त काहीतरी हवं असतं तेव्हाच जातो का? तू शाळेतून आलीस की आधी आईला बिलगतेस, भूक लागल्याचं नंतर सांगतेस. आजीची प्रार्थना तशी होती. आधी भेट व्हायची, मागणं मागून यायचं.

आता जरा अवघड भाग. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, त्याच प्रार्थनेच्या थोडं पुढे, येशू म्हणतो की पहिल्याने देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवायला झटा, म्हणजे बाकीच्या गोष्टीही तुम्हाला मिळतील. हे वचन मी कितीतरी वर्षं चुकीचं वाचलं. मला वाटायचं हा व्यवहार आहे. देवाला पहिला नंबर दिला की नोकरी, घर, तब्येत आपोआप मागे येणार. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी माझी नोकरी गेली. तू तेव्हा रांगत होतीस. मी रोज पहाटे उठून प्रार्थना करायचो आणि खरं सांगतो, ती प्रार्थना नव्हती, वसुली होती. मी तुझ्या उपासनेला एकदाही चुकलो नाही, मग माझं काय? असा माझा सूर असायचा. स्तुतीसुद्धा करायचो, पण दार उघडावं म्हणून कडी वाजवावी तशी.

तेव्हा मला बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत सैतानाने देवाला विचारलेला प्रश्न आठवला. ईयोब देवाचं भय काय फुकट बाळगतो? म्हणजे त्याची गुरंढोरं, मुलंबाळं काढून घे, मग बघ तो तुझ्याकडे येतो का. तो प्रश्न जणू मलाच विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांनी नोकरी मिळाली, पण ती या गोष्टीचं उत्तर नव्हे. नोकरी नसतीच मिळाली, तर? हा प्रश्न मी अजून सोबत घेऊन फिरतो.

'पहिल्याने देवाचं राज्य' हे शब्द येशूने ज्या प्रवचनात सांगितले, त्या डोंगरावरच्या प्रवचनानेच कवी नारायण वामन टिळकांना ओढून घेतलं. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. वाचता वाचता ते त्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातून त्यांना मिळालं काय? नातलग तुटले आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. आशीर्वाद मोजायला बसणाऱ्याने तो हिशेब तोट्यातच मांडला असता. त्यांची गीतं आपल्या मंडळीत आजही गातात. पुढच्या वेळी गाताना लक्ष दे, त्यांतली ओढ ख्रिस्ताकडून काही मिळावं म्हणून नाही, खुद्द ख्रिस्तासाठी आहे.

आणि पंडिता रमाबाई. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचं काम त्या कित्येक वर्षं करत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या. ते भाषांतर छापून आलं १९२४ मध्ये. मी एका मुलीचा बाप आहे, त्यामुळे त्या शेवटच्या महिन्यांचा विचार मला फार वेळ करवत नाही.

आजीचंही एक सांगतो. हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. माझे मधले काका तापाने गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ते आजारी असताना आजी रोज त्याच क्रमाने प्रार्थना करायची आणि शेवटी फक्त म्हणायची, "माझ्या लेकराचं तुला ठाऊक आहे." काका गेले. मातीहून आल्यावर त्या रात्रीही तिने गुडघे टेकले. तुझे नाव पवित्र मानले जावो, म्हणाली. तुझे राज्य येवो, म्हणाली. आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे' या शब्दांपाशी थांबली. आम्ही बाकीच्यांनी ती ओळ म्हटली, ती गप्प राहिली, आणि 'भाकर' आली तशी पुन्हा आमच्यात मिसळली. हे कितीतरी दिवस चाललं. कोणी तिला काही बोललं नाही. मी मात्र रोज डोळे किलकिले करून तिच्या ओठांकडे बघायचो. एका रात्री ते हलले. आवाज नव्हता, पण हलले.

देवाला पहिला ठेवणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मला ते ओठ दिसतात. तिला जे म्हणवत नव्हतं ते तिने खोटं म्हटलं नाही, आणि गुडघे टेकणंही सोडलं नाही.

तरी एक सांगायलाच हवं, नाहीतर तू आजीचा क्रम म्हणजे नियम धरून बसशील. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः आधी मागितलं. हा प्याला माझ्यापासून टळून जावो, असं तो आधी म्हणाला. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्यानंतर आलं. तेव्हा मन भरून आलं असेल तर मागणं आधी येऊ दे. मागायला बंदी नाही बाळा. भाकर त्या प्रार्थनेतच आहे, कोणी बाहेर काढलेली नाही. मागितलेलं मिळालं नाही तरी त्याच्याचपाशी बसून राहता येतं का, माझं सगळं अडतं ते तिथे. मला ते अजून पुरतं जमलेलं नाही.

आणि तुझं नाव शेवटी येतं त्याचं कारण अगदी साधं आहे. ते घेतलं की माझा आवाज फिरतो, पुढे काही बोलता येत नाही. म्हणून बाकीचं सगळं आधी उरकून घेतो.

तुझ्या चाचणीचा निकाल शुक्रवारी ना? गुरुवारी रात्री मी तुझ्या खोलीत येतो. या वेळी तू सुरू कर. जे मनात असेल त्यापासूनच सुरू कर, आणि मराठी अडली तर इंग्रजीत बोल.

तुझा,
बाबा