'स्ट्रिप केलेली' की ताशीव?

प्रश्न थोडक्यात असा: बिल्ड स्क्रिप्टमधला (सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधणाऱ्या स्क्रिप्टमधला) एक बदल तपासायला आलाय, त्याच्या वर्णनात 'बायनरी कॉम्प्रेस करून इन्स्टॉल होतील' असं लिहिलंय (बायनरी म्हणजे यंत्राला थेट चालवता येणारी फाइल), अभिप्रेत आहे 'स्ट्रिप', म्हणजे त्या फाइलमधली चालवायला न लागणारी माहिती काढून टाकणं. मराठीत काय म्हणावं? आणि बदल मंजूर करावा का?

आधी ते 'कॉम्प्रेस' खोडा. ऐकून ऐकून कान किटले. कॉम्प्रेस केलेलं पुन्हा उलगडता येतं. स्ट्रिपने सिम्बॉल टेबल (फंक्शन वगैरेंची नावं आणि पत्ते यांची यादी) आणि डीबग माहिती (चुका शोधायला लागणारी) उडवली की त्या फाइलपुरती ती गेलीच. प्रोग्राम कोसळल्यावर बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) फंक्शनच्या नावांच्या जागी बहुतेक नुसते पत्ते दिसतात.

'सोललेली' म्हणणारे बरेच आहेत. पण सोलून निघतं ते वरचं साल, आणि सिम्बॉल टेबल काही फाइलवर गुंडाळलेलं नसतं. संस्कृताळ मंडळींचं 'चिन्हविरहित' तर सरळ चूक. डायनॅमिक लिंकिंगला (प्रोग्राम चालवताना त्याला लायब्ररी जोडायला) लागणारी सिम्बॉल्स स्ट्रिपनंतरही जागेवर असतात. ती काढली तर लायब्ररींवर विसंबलेला प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही. शब्द घडवण्याआधी एकदा फाइल उघडून बघायला काय हरकत होती?

माझं मत 'तासणे'ला. 'ताशीव दगड' आपण म्हणतोच, तशी ताशीव बायनरी. शिवाय या शब्दाचं कूळ काय सांगावं! संस्कृत तक्ष्, प्राकृत तच्छ, मराठी तास. 'क्ष'चा 'च्छ' आणि 'च्छ'चा 'स' ही मराठीची जुनी खोड: इक्षु, उच्छु, ऊस; कुक्षि, कुच्छि, कूस. पुढे इ आली की 'स'चा 'श' होतो, म्हणून मक्षिकेची माशी, आणि तासण्याचं ताशीव. तक्षन् म्हणजे सुतार. ग्रीकमधला तेक्तोनही सुतारच, 'आर्किटेक्ट'मध्ये तो अजून बसलाय. आणि 'टेक्नॉलॉजी'तला तेख्ने त्याच धातूचा. ऋग्वेदातले कवी तर रथ तासावा तशी वाणी तासतात, क्रियापद हेच! घड्याळातला 'तास' मात्र यात ओढू नका. तो फारसीतून आला, पाण्यावर सोडायच्या घटिकापात्रावरून. दोन्ही एकच म्हणणाऱ्यांनी निदान कोश तरी चाळावा.

हां, बदलाचं राहिलंच. वर्णनातलं 'करून'ही बदला. 'तासून इन्स्टॉल' म्हटलं की आधी तासायचं, मग न्यायचं असा क्रम होतो, म्हणजे बिल्ड डिरेक्टरीतली मूळ प्रतही गेली. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा संकेत नेमका उलटा: 'इन्स्टॉल-स्ट्रिप' या टार्गेटने (बिल्डला नाव घेऊन सांगायच्या कामाने) फक्त इन्स्टॉल झालेली प्रत तासावी, मूळ प्रतीला हात लावू नये. तेव्हा 'इन्स्टॉल करताना तासणे' लिहा, आणि स्क्रिप्टही तसंच करते का ते बघा. तासायच्या फाइलींच्या यादीत शेल स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली साधी मजकुराची फाइल) घुसली असेल तर काढा, स्ट्रिप तिथे फाइलचा प्रकार ओळखता येत नाही म्हणून अडून बसेल. क्रॉस-कंपाइल असेल, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्याच प्रकारच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करत असाल, तर इन्स्टॉल कमांड यंत्रावरचाच स्ट्रिप चालवते, त्याला परक्या प्रोसेसरची बायनरी ओळखता येईलच असं नाही. कुठला स्ट्रिप वापरायचा ते स्क्रिप्टमध्ये स्पष्ट सांगितलंय का, एवढं पाहून मगच मंजुरी द्या.