सोमवारी फोन उचलू नको

भाऊ, पन्नाशीनंतर चर्चचा पाळक झालास, आनंद आहे, पण तू ज्या वेगाने धावून राहिला ना त्याने वर्षभरात थकशील. मी तीस वर्षं केलं हे. रविवारी सकाळची उपासना, दुपारी घरभेटी, संध्याकाळी प्रार्थनासभा, आणि सोमवारी परत कोणाचं तरी मयत नाहीतर हॉस्पिटल, असं करत करत माझी मुलगी दहावी पास होऊन कॉलेजात गेली आणि तिच्या मैत्रिणींची नावंही मला माहीत नव्हती, ते अजून सलतं रे.

सोमवार बायकोचा ठेव. आम्ही दोघं सकाळी फुटाळा तलावावर चालतो, मग तर्री पोहे, ती माझ्या प्लेटमधले चणे उचलते. मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारच्या घरभेटी बंद कर, बीपीच्या गोळ्या आपल्यालाही आहेत.

बायबलातला निर्गम 18 वाच, सासरा इथ्रो मोशेला काय म्हणतो ते. सगळं एकट्याने ओढू नको, मंडळीतले वडील, म्हणजे चर्चची जबाबदारी घेतलेले ज्येष्ठ, कशाला आहेत? आजाऱ्यांच्या भेटी त्यांच्यात वाटून दे. खरोखर कोणी शेवटच्या घटकेत असेल तर मात्र सोमवारीही जा, वहिनींना सोबत घेऊन.